सोळा कड्यांची टोपी

आमच्या सरांच्या लग्नात वरात निघायच्या वेळी नवरदेव सापडेना. बँडवाल्यांची दोन गाणी वाजवून झाली, घोडा कंटाळून मांडवाची झालर चावायला लागला, आणि नवरदेव मांडवामागे उकिडवा बसून घोड्याचं खोगीर मांडीवर घेऊन त्याला टाके घालत होता. घोडेवाला शेजारी बसून दोरा धरत होता. सरांचं म्हणणं, खोगीर उसवलेलं होतं, त्याच्यावर बसणार कसं? हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनेच सांगितलं. सांगताना त्या डोक्याला हात लावायच्या आणि म्हणायच्या, "तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं मी. पण म्हटलं, लग्नाच्या दिवशी माणूस जरा घाबरलेला असतो."

सर मूळचे पारोळ्याचे. नोकरीला आमच्या सावद्याच्या शाळेत आले आणि इथलेच झाले. विषय कार्यानुभव. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास हा सगळ्या शिक्षकांचा मामेभाऊ असतो, ज्याला गरज पडेल त्याने उचलून न्यावा. सरांचा तास मात्र कुणी सहज नेऊ शकायचं नाही. पुढे मी त्याच शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा एकदा पोर्शन मागे राहिला म्हणून त्यांचा तास मागितला. त्यांनी दिला, पण एका अटीवर. मुलं गणित शिकतील, पण हाताने अंबाडीची दोरी वळत शिकतील. मी फळ्याकडे तोंड करून बीजगणिताची सूत्रं सांगत होते आणि मागे चाळीस मुलं मांडीवर दोरी वळत ती म्हणत होती. त्या वर्षी गणिताचा निकाल चांगला लागला आणि शाळेला दोन वर्षं पुरेल इतकी दोरी झाली.

मी त्यांची विद्यार्थिनीही होते. सहावीत रुमालाला हेमची शिलाई घालायला शिकवली. मी घालून नेला. सरांनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "बठ्ठं उसव."

आम्ही सावद्याची मुलं. आमची बोली वेगळी, सरांची अहिराणी वेगळी. बठ्ठं म्हणजे काय ते मला कळलंच नाही. घरी जाऊन आईला विचारलं. आईलाही माहीत नव्हतं. मग शेजारी धुळ्याहून आलेली एक सून होती, तिने सांगितलं, बठ्ठं म्हणजे सगळं. मी तो रुमाल चार वेळा उसवला. सर एरवी शुद्ध मराठीत बोलायचे. रागावले की तर फारच शुद्ध. मन हाताच्या कामात रमलं की अहिराणी यायची. त्यामुळे "बठ्ठं उसव" ऐकलं की आम्हाला कळायचं, सर आज खुशीत आहेत.

एकदा तालुक्याहून एक साहेब शाळेची तपासणी करायला आले. सरांच्या वर्गात आले, मुलांचं शिवणकाम पाहून "छान, छान" म्हणाले. सरांनी विचारलं, "छान कशावरून?" सरांनी त्यांच्या हातात सुई आणि कापडाचा तुकडा दिला. "हात लावल्याशिवाय कळत नाही, साहेब. चार टाके घाला." बिचारे बाकावर बसले आणि मान खाली घालून टाके घातले. सरांनी कापड उजेडात धरलं. मुख्याध्यापकांनी दाराशी डोळे मिटून घेतले. पण सरांच्या तोंडून ते दोन शब्द गेलेच. गंमत म्हणजे साहेबांनी मुकाट्याने सगळं उसवलं आणि पुन्हा घातलं. जाताना मुख्याध्यापकांना म्हणाले, "माझी आई शिवणकाम करायची. मला कधी सुईला हात लावू दिला नाही तिने."

हात लावल्याशिवाय कळत नाही, हे सरांचं रोजचं जगणं होतं. भुसावळ स्टेशनवर चांभाराशेजारी बसले आणि नाशिकच्या तीन गाड्या समोरून जाऊ दिल्या. बुरूड, कुंभार, तासणारा सुतार, गाद्या पिंजणारा, कुणीही दिसला की सर थांबायचे, आधी उभे राहून पाहायचे, मग खाली बसायचे, मग म्हणायचे, "जरा द्या बघू इकडे." काकू बाजारात जाताना त्यांना बुरूडगल्ली टाळून न्यायच्या, जसं लहान मुलाला खेळण्यांच्या दुकानापासून लांबून नेतात.

काकू गेल्या त्याला तीन वर्षं होतील. मुलगी पुण्याला. तिने खूप बोलावलं, पण सर गेले नाहीत. त्यांच्यात एक फरक मात्र पडला. ते सदऱ्याच्या खिशात हात घालून चालायला लागले. सावद्यात सत्तरीचा माणूस खिशात हात घालून फिरत नाही. आम्ही आपसांत हसायचो, म्हातारपणी सर सिनेमातले हिरो झाले. बुरूडगल्लीतून जाताना ते आता थांबतही नसत. वयच झालं, असं मी मनाशी म्हटलं आणि विषय सोडून दिला. याची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात आमच्या भागातल्या केळी बागायतदारांची व्हिएतनामची सहल निघाली. सहकुटुंब, बावीस जण. आमच्या घरी केळीची कापणी नेमकी त्याच आठवड्यात आली आणि माझ्या नवऱ्याने अंग काढून घेतलं. एक जागा रिकामी झाली. मी कार्यक्रमपत्रिका घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती वाचली. एका दिवसापुढे लिहिलं होतं, "ग्रामीण जीवन, हस्तकला व वारसा, पूर्ण दिवस, सहा ठिकाणं." सरांनी ती ओळ वाकून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "पाहायला काय जातं."

पुण्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, बाबांना एकटं सोडू नका. ते कुठेतरी बसतील."

"बसत नाहीत गं आता," मी म्हणाले.

हस्तकलेच्या त्या दिवशी सकाळी हनोईहून बस निघाली तेव्हा आमच्या लोकांनी आधी केळीचे वेफर्स, मग शेव, मग शेंगदाण्याची चटणी अशी पाकिटं फोडली. गाईडचं नाव लिन, हिंदी बऱ्यापैकी जाणणारी. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हातात पिवळं निशाण, तिखट चटणी पहिल्यांदा खाऊन डोळ्यांत पाणी आलेली, तरी दुसऱ्यांदा मागणारी. आमच्याबरोबर जळगावहून आलेला टूर मॅनेजर पंकज दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होता, आणि ते योग्यच होतं. कारण पहिला घोटाळा शहराबाहेर पडताच झाला. रस्त्याला केळीची बाग दिसली आणि बसमधले सगळे एकदम उभे राहिले. बस थांबवावी लागली. बावीस माणसं बागेत शिरली, घडांवर हात फिरवले, फण्या मोजल्या, पान उलटं करून रोग आहे का पाहिला आणि एकमताने निकाल दिला की घड बारीक आहेत, पण मुळाशी पाणी चांगलं ठेवलंय. बागेचा मालक सायकल टाकून धावत आला. त्याला वाटलं सरकारी लोक आले. लिनने समजावल्यावर तो इतका हसला की त्याने एक अख्खा घड बसमध्ये चढवला. सावद्याच्या माणसांना कुणी केळी भेट द्यावीत, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. सगळे हरखून गेले.

मग टोप्यांचं गाव आलं. तिकडचे शेतकरी घालतात ती उलट्या नरसाळ्यासारखी टोपी, पानांची. एका घराच्या फरशी घातलेल्या अंगणात आम्हाला नेलं. तिथे एक म्हातारी जमिनीवर बसली होती, पुढ्यात टोपीच्याच आकाराचा लाकडी साचा. लिन म्हणाली, हिला आम्ही 'बा' म्हणतो, म्हणजे आजी. आमच्यातले एक बागायतदार आबा म्हणाले, "आमच्याकडं बा म्हंजे बाप." लिनने ते भाषांतर करून सांगितलं. म्हातारी म्हणाली, या घरात दोन्ही मीच.

साच्यावर बांबूच्या कामटीची सोळा कडी, एकाखाली एक, वरचं बांगडीपेक्षा लहान आणि खालचं परातीएवढं. त्यांच्यावर इस्त्री करून सपाट केलेली वाळकी पानं पसरायची, आणि मग प्रत्येक कड्यावर बारीक टाके घालत वरून खाली यायचं. दोरा केसासारखा. टाका असा, की बाहेरून दिसू नये. म्हातारीचा हात चालला होता आणि तिचं लक्ष आमच्याकडे होतं.

सर खिशात हात घालून उभे होते. आमचे लोक तयार टोप्या घालून फोटो काढत होते. आबांनी दोन टोप्या एकावर एक घातल्या. पंकज म्हणाला, "वीस मिनिटं हं." मी सरांकडे पाहिलं. ते पाहत होते. नुसतं बघणं नव्हे, त्यांच्या खांद्याला अगदी बारीक हिसके बसत होते, म्हातारीची सुई वर आली की खांदा वर. मग त्यांनी खिशातून हात काढले, धोतर सावरून खाली बसले आणि म्हातारीला शुद्ध अहिराणीत म्हणाले, "दे बरं जरासं माले."

म्हातारीला काय कळलं देव जाणे. तिने घरातून दुसरा साचा मागवला, त्यावर कडी चढवली, पानं लावली आणि सुई सरांच्या हातात दिली.

तेव्हा मी पाहिलं. सरांचा उजवा हात थरथरत होता. बारीक नाही, चांगला दिसेल इतका. सुईचं टोक पानावर येईना. काकू गेल्यापासून खिशात काय होतं ते मला त्या अंगणात कळलं.

सरांनी कसेबसे दहा-बारा टाके घातले. म्हातारीने साचा ओढून घेतला, उजेडाकडे केला, डोळे बारीक केले आणि एक शब्द बोलली. लिन भाषांतर करायला पुढे झाली, पण सरांनी हात वर केला. "सांगू नको, बेटा. माले समजनं." आणि ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आयुष्यभर दुसऱ्यांना जे सांगितलं ते सत्तरीत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी सांगत होतं. त्यांनी सगळे टाके उसवले.

वीस मिनिटं संपली. पंकज आला. "सर, चला. पुढे उदबत्तीचं गाव, शेवयांचं गाव, नावेत बसायचंय."

"तुम्ही जा. मी आठेच शे."

"इथेच? असं कसं, सर? सगळ्यांना बरोबर राहायला पाहिजे."

"येताना याच रस्त्याने येणार ना? मग उचला मला." आता मराठी शुद्ध झालं होतं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

लिनने फोनाफोनी केली. संध्याकाळी चारला बस परत इथूनच जाणार होती. सोबत कुणी थांबत असेल तर चालेल, असं ठरलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला नावेत बसायचं होतं. मी मनातल्या मनात पुण्याच्या मुलीला दोन शब्द ऐकवले आणि थांबले. बस धूळ उडवत गेली.

नंतरच्या तासांत आमच्या तिघांत एकही भाषा सामाईक नव्हती, आणि तरी मी इतका वेळ बोलणं कधी ऐकलं नाही. सर अहिराणीत बोलत, म्हातारी तिच्या भाषेत, दोघंही एकमेकांना "हो, हो" अशा माना हलवत. दुसऱ्यांदा टाके वाकडे गेले. उसवले. तिसऱ्यांदा दोरा तुटला. मग म्हातारीने सुई खाली ठेवली आणि आपला हात सरांच्या डोळ्यांपुढे हवेत धरला. तोही थरथरत होता. सरांपेक्षा जास्तच. तिने तळव्याची कड साच्यावर टेकवली. थरथर थांबली. मग तिने सरांचं मनगट धरलं, साच्यावर दाबून बसवलं आणि त्यांच्या बोटांत सुई दिली. हात हवेत ठेवायचा नाही, कामावर टेकवायचा.

सरांनी एक टाका घातला. दुसरा घातला. माझ्याकडे मान वळवून, एखाद्या मुलाला सायकल यायला लागावी तशा चेहऱ्याने म्हणाले, "दखी ऱ्हायनी का?"

पाहत होते. पण धड दिसत नव्हतं, कारण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हातारीला रिकामं बसणारं माणूस बहुधा सहन होत नसावं. तिने मला पानांचा ढीग आणि चुलीवर तापवलेला लोखंडी ठोकळा दाखवला. चिंधीच्या बोळ्याने पान त्यावर घासून सपाट करायचं. पहिलं पान मी जाळलं. दुसरं जाळलं. तिसऱ्याला म्हातारीने माझ्या पाठीत हलकी चापट मारली आणि सर म्हणाले, "बरोबर शे. मी पन मारं असतं तर तू तवाच सुधरती."

दुपारी जेवायला भात, कसली तरी हिरवी भाजी आणि केळफुलाची कोशिंबीर आली. सर शाकाहारी. त्यांनी प्रत्येक वाटीचा वास घेतला आणि माशाच्या पाण्याची वाटी एका बोटाने हळूच माझ्याकडे सरकवली. मीही शाकाहारीच. मी ती म्हातारीकडे सरकवली. ती हसली आणि वाटी घरात ठेवून आली. मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. तिने ती भातावर घेतली, खाल्ली, थांबली, घरात हाक मारली. सून आली, नातू आला, शेजारीण आली. पाकीट संपलं.

चार वाजता बस आली. बावीसातले वीस जण उदबत्तीच्या लाल जुड्यांपुढचे, नावेतले, जुन्या देवळातले फोटो दाखवत उतरले. सरांची टोपी सोळांपैकी नवव्या कड्यावर होती.

"सर, चला ना आता," आबा म्हणाले. "बाहुल्यांचा खेळ चुकन आपला. पैसे भरेल हाये त्याचे."

सर उठेनात. पंकजने हात जोडले. शेवटी सरांनी लिनला सांगितलं, "हिला विचार, ही टोपी अशीच मला नेऊ देईल का? बाकीची मी घरी करीन."

लिनने विचारलं. म्हातारीने नाही म्हणून मान हलवली. साच्यावरून काढली तर खालची कडी सुटतील, पानं विस्कटतील. मग ती उठली, टोपी साच्यासकट उचलली, घरात नेली आणि देवाच्या फळीखालच्या खुंटीला अडकवली. बाहेर येऊन काहीतरी बोलली. लिनने सांगितलं, "बा म्हणते, इथेच राहू दे. त्याने यावं आणि पुरी करावी."

आमचे सगळे हसले. आबा तर मोठ्याने हसले. सर हसले नाहीत. ते "बरं" म्हणाले, पिशवीतून सुयांचं पाकीट काढलं, म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं आणि बसमध्ये चढले.

त्या संध्याकाळी बसमध्ये सर कुणाला आवरेनात. पारोळ्याच्या किल्ल्यावरच्या लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, लिनला "भलती मज्या उनी", म्हणजे खूप मजा आली, असं म्हणायला शिकवलं, आणि ड्रायव्हरच्या सीटचं उसवलेलं कव्हर सिग्नलला गाडी थांबली की दोन-दोन टाके घालत हॉटेल येईपर्यंत शिवून टाकलं. पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ मिळाला. सगळे बाहुल्या पाहत होते. सर पडद्यामागे पाण्यात उभं राहून काठ्या हलवणाऱ्यांचे हात दिसतात का ते पाहायला मान लांब करत होते.

सावद्यात परतल्यावर लोकांनी विचारलं, सर, व्हिएतनाममध्ये काय पाहिलं? सर म्हणत, "एक अंगण." त्यांनी गावातल्या सुताराकडून साचा करून घेतला. आपल्याकडे ती पानं नाहीत, म्हणून केळीच्या वाळक्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, टोप्या करून पाहिल्या. पहिली पावसात पापडासारखी फुगली. दुसरी शेजाऱ्यांच्या शेळीने खाल्ली आणि पुढचे दोन दिवस शेळी सरांच्या मागे फिरत होती. तिसरी मला दिली. ती मी घालते, पण घराच्या आतच. खिशात हात मात्र पुन्हा गेले नाहीत.

सहलीला आठ महिने झाले होते. एका सकाळी पुण्याहून मुलीचा फोन आला. बाबा दोन दिवस फोन उचलत नाहीत. मी धावत गेले. घराला कुलूप. किल्ली शेजारणीकडे. ती म्हणाली, "गावाले जातो म्हने. शेळीले पानी पाजजो म्हने." शेळी तिचीच होती. मी पारोळ्याला त्यांच्या पुतण्याला फोन केला. तिथे नव्हते. भुसावळला चांभाराकडे माणूस पाठवला. तिथे नव्हते. मुलगी पुण्याहून निघायची तयारी करत होती आणि मी तिला धीर देत होते आणि मलाच धीर नव्हता.

दुपारी माझ्या फोनवर लिनचा फोटो आला. तेच अंगण. सर जमिनीवर बसलेत, पुढ्यात साचा, मनगट साच्यावर टेकवलेलं. शेजारी म्हातारी. मध्ये शेंगदाण्याच्या चटणीची चार मोठी पाकिटं. खाली लिनने लिहिलं होतं, सर एकटे आले, विमानतळावरून मला फोन केला, मी त्यांना इथे सोडलं. दहावं कडं चालू आहे. काळजी करू नका, नीट जेवतात.

मी मुलीला फोटो पाठवला. तिने लगेच फोन केला. म्हणाली, "मॅडम, त्यांना विचारा ना, परत कधी येणार."

मी लिनला विचारलं. लिनने म्हातारीला विचारलं. उत्तर आलं ते मी मुलीला वाचून दाखवलं. "बा म्हणते, हात बरा चाललाय, पण एकच टोपी करून कुणी कारागीर होत नाही."

मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तिकडचा व्हिसा किती दिवसांचा असतो?"

"नव्वद," मी म्हणाले, आणि मग आम्हा दोघींनाही हसू आवरेना.